गिअरबॉक्सला ताप येतो तेव्हा

आपल्या कोकणातल्या घरांपुढे गेल्या दहा-बारा वर्षांत ऑटोमॅटिक गाड्या दिसू लागल्या आहेत. त्याचे एक कारण आखातात आहे. दुबई, दोहा, कुवेतला गेलेली मुले गाडी चालवायला तिथेच शिकली, आणि तीही बहुतेक वेळा ऑटोमॅटिक. अमिरातीत परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर परवान्यावर तशी नोंदच होते. असा मुलगा सुट्टीवर गावी आला की डाव्या पायाने क्लच दाबायची सवय कुठून आणणार? दुसरे कारण आपल्या घरांतल्या बायका. चाळिशीत स्टिअरिंग हाती घेतलेल्या कितीतरी भगिनींना चढावर गाडी मागे सरकण्याची धास्ती असते. ऑटोमॅटिकने ती धास्ती घालवली. गुडघे दुखणाऱ्या अब्बांचीही सोय झाली.

गाडी आली, पण तिची ओळख अर्धीच झाली. इंजिनचे ऑइल कधी बदलायचे, टायरमध्ये हवा किती ठेवायची, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते. गिअरबॉक्सलाही तेल असते, ते तापते, ते थंड करण्याची वेगळी सोय गाडीत असते, हे मात्र एखाद्या दिवशी घाटात लाल दिवा लागल्यावरच कळते. मग वर्कशॉपमधून फोन येतो, ‘गिअरबॉक्स गेला, बदलावा लागेल.’ मोठ्या गाडीच्या बाबतीत हा आकडा सहज लाखाच्या पुढे जातो. परदेशात घाम गाळून पाठवलेल्या पैशातले कित्येक महिने एका कागदावर संपतात.

बदलायला हरकत नाही, खरोखर गेला असेल तर. पण अंगाला ताप आला की हकीम आधी ताप कशाने आला ते पाहतो. गिअरबॉक्सचे तेच आहे. तापणे हे लक्षण आहे. ज्या कारणाने तो तापला ते कारण गाडीत तसेच राहिले, तर नवा बसवलेला गिअरबॉक्सही जुन्याच्याच वाटेने जातो. हा लेख त्या कारणाच्या शोधाविषयी आहे.

दोन पंखे समोरासमोर

उष्णता येते कुठून, हे आधी समजून घेऊ. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा बंद ठेवा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागतात. दोघांत दांडा नाही, साखळी नाही, मध्ये फक्त हवा. ऑटोमॅटिक गाडीतला टॉर्क कन्व्हर्टर याच तत्त्वावर चालतो. हवेच्या जागी तेल असते, एवढाच फरक. एक चक्र इंजिनला जोडलेले, दुसरे गिअरबॉक्सला, आणि दोघांच्या मध्ये तेलाला योग्य दिशा देणारे तिसरे. ही कल्पना जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याची. त्याचे पेटंट १९०५ सालचे, आणि मुळात ते जहाजांसाठी होते. मोटारीत पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या संख्येने आला तो १९३९ च्या अखेरीस, अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ‘हायड्रामॅटिक’च्या रूपाने.

या रचनेमुळे गाडी गिअरमध्ये असतानाही ब्रेक दाबून उभी राहू शकते आणि इंजिन बंद पडत नाही. पण त्याची किंमत आहे. दुसरे चक्र पहिल्यापेक्षा जेवढे मागे पडते, तेवढी शक्ती तेल घुसळण्यात जाते आणि तिची उष्णता होते. एक साधा हिशेब करून पाहा. भरलेली गाडी चढ चढताना इंजिन ४० किलोवॅट शक्ती देते आहे आणि त्यातले १५ टक्के तेलात वाया जाते आहे असे धरले, तर झाले ६ किलोवॅट. घरातले २००० वॅटचे तीन गीझर एकाच वेळी चालू ठेवावेत एवढी उष्णता सात-आठ लिटर तेलात शिरते आहे.

सपाट रस्त्यावर वेग धरला की टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला एक क्लच दोन्ही चक्रे एकमेकांना घट्ट धरतो. याला लॉकअप म्हणतात. मग घसरण नाही, म्हणून तशी उष्णताही नाही. घाटात मात्र वेग कमी, गिअर खालचा, वळणावळणाला पाय कमी-जास्त. तिथे लॉकअप लागत नाही किंवा लागून सुटतो. म्हणून एक्स्प्रेस-वेवर तासन् तास शांत राहणारी गाडी कुंभार्ली घाटात अर्ध्या तासात कुरकुरते.

इथे एक खुलासा हवा. बाजारात ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाने चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. सेलेरिओ, वॅगन-आर, डिझायर अशा गाड्यांत मिळते ती एएमटी. हा साधा हाताचाच गिअरबॉक्स. क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम फक्त मोटर करते. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही. तिथे तापते ती क्लचची प्लेट. होंडा सिटीसारख्या गाडीत सीव्हीटी असते, म्हणजे दोन कप्प्यांमधून फिरणारा पोलादी पट्टा. काही गाड्यांत दोन क्लचचा गिअरबॉक्स असतो. आणि इनोव्हा क्रिस्टा किंवा अर्टिगाच्या ऑटोमॅटिकमध्ये असतो तो टॉर्क कन्व्हर्टरचा. आपली गाडी यांतली कोणती, हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे. कारण प्रत्येकाचे तेल वेगळे आणि तापण्याचे कारणही वेगळे. पुढचे बरेचसे विवेचन टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीबद्दल आहे. भरल्या कुटुंबाने लांब प्रवास करायचा तर आपल्याकडे बहुधा अशीच गाडी घेतली जाते.

या गिअरबॉक्सचे तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला सुखाने काम करते. त्याच्या वर गेले की मेकॅनिक लोकांत पिढ्यांपासून चालत आलेला एक ठोकताळा आहे: दर दहा-अकरा अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे. ११५-१२० च्या आसपास आतल्या भागांवर वार्निशसारखा थर बसू लागतो. १३० च्या आसपास रबराची सीले कडक होऊ लागतात. १४५ च्या वर क्लचच्या प्लेटा घसरू लागतात, घसरल्या की आणखी तापतात, आणि मग ते चक्र थांबत नाही. हल्लीची सिंथेटिक तेले याहून थोडे अधिक सोसतात. क्रम मात्र तोच राहतो.

एवढी उष्णता बाहेर टाकायची कशी? बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्समधून दोन नळ्या पुढे रेडिएटरकडे जातात. रेडिएटरच्या एका टाकीत छोटा कूलर बसवलेला असतो. त्यात तेल फिरते, बाहेरून कुलंटचे पाणी, आणि उष्णता पाण्यात जाते. काही गाड्यांत हा कूलर गिअरबॉक्सलाच चिकटलेला असतो, तर काहींत पुढच्या जाळीमागे वेगळा. कुठेही असो, गिअरबॉक्सचे आरोग्य रेडिएटरवर, पंख्यावर आणि गाडीच्या तोंडातून आत येणाऱ्या वाऱ्यावर अवलंबून असते. या एका वाक्यासाठी मी इतकी प्रस्तावना केली. कारण बहुतेक वेळा गिअरबॉक्स उघडला जातो आणि रेडिएटरकडे कोणी पाहत नाही.

फुफूच्या घरची गाडी

माझ्या फुफूच्या घरी अगदी हेच झाले. थोरला मुलगा दोह्याला. त्याने आईवडिलांसाठी सात माणसांची, वापरलेली डिझेल ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली. दिसायला लख्ख, आतून धुतलेली, सीटांना नवी कव्हरे. पहिले काही महिने खेड-चिपळूण एवढाच प्रवास होता. मग कराडला नात्यातला निकाह निघाला. एप्रिलचा महिना, गाडीत सात मोठी माणसे, छतावर आहेराच्या पेट्या, एसी पूर्ण. कुंभार्ली घाटाच्या निम्म्यावर गाडी ओढेनाशी झाली. इंजिनचा आवाज वाढे, वेग वाढेना. मग दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. हे अडकणे बिघाड नसतो. आणखी नुकसान होऊ नये म्हणून गाडीचा संगणक स्वतःच तसे करतो.

शहरातल्या एका वर्कशॉपने गिअरबॉक्स जळाला असे सांगितले. तेल काळे होते, वास जळका होता, त्यामुळे निदान खोटे म्हणता येणार नाही. दुरुस्त केलेला दुसरा गिअरबॉक्स बसला. दोह्याहून पैसे आले. आठ महिन्यांनी पुन्हा तोच घाट, तोच दिवा.

या वेळी गाडी चिपळूणच्या एका वयस्क मेकॅनिककडे नेली. उमेदीची वीस वर्षे कुवेतच्या गॅरेजमध्ये काढून परतलेला माणूस. सगळे त्याला उस्तादच म्हणतात. त्याने पहिला पाव तास बोनेट उघडलेच नाही. नुसते प्रश्न.

“दिवा कधी लागतो? चढावर की उतारावर?”

“चढावर, चाचा.”

“सपाटीवर, ऐंशीच्या वेगाने कधी लागला?”

“नाही.”

“बाजारात, गर्दीत?”

“मागच्या ईदच्या आदल्या दिवशी एकदा. एसी लावून अर्धा तास अडकलो होतो.”

“तेव्हा इंजिनचा काटा?”

“मध्यावरच होता.”

“काट्यावर जाऊ नका. तो खूप मोठ्या पट्ट्यात मध्यावरच दाखवतो. खरा आकडा स्कॅनर सांगेल.”

स्कॅनर लावला. गाडी उभी ठेवून, एसी चालू करून तो कुलंटचा आणि गिअरबॉक्सच्या तेलाचा आकडा शेजारी शेजारी पाहत राहिला. दोन्ही हळूहळू एकत्र चढत होते. पंखा जोरात फिरत होता, पण हात पुढे धरला तर जाळीतून वारा जवळजवळ ओढलाच जात नव्हता. मग त्याने पुढचा भाग खोलून एसीचा कन्डेन्सर आणि त्याच्यामागचा रेडिएटर एकमेकांपासून दूर केले.

दोघांच्या मध्ये वाळलेला गाळ होता. बोटाने खरवडला तर पोपडे निघाले.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या होत्या. तो गाळ कसा असतो हे आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. गाडी त्यावेळच्या पुरातली होती की दुसऱ्या कुठल्या, हे कळायला मार्ग नाही. पण विकणाऱ्याने समोरून दिसणारा कन्डेन्सर धुतला होता आणि त्याच्यामागचा रेडिएटर तसाच ठेवला होता. थंडीत, रिकाम्या गाडीत, गावातल्या गावात ते खपून गेले. सात माणसे, एप्रिल आणि घाट एकत्र आले तेव्हा खपले नाही. पहिल्या वर्कशॉपने लाखाच्या पुढचा गिअरबॉक्स बदलला आणि वाऱ्याची वाट तशीच बंद ठेवली.

उस्तादने नवा रेडिएटर बसवला, कारण जुन्याच्या टाकीतल्या कूलरमध्ये पहिल्या गिअरबॉक्सची जळालेली पूड अडकलेली होती. तेल दोनदा बदलले. खर्च गिअरबॉक्सच्या तुलनेत किरकोळ झाला. अल्हम्दुलिल्लाह, दुसरा गिअरबॉक्स वाचला.

शोध कसा घ्यावा

उस्तादच्या प्रश्नांतच अर्धे निदान आहे. गाडी कधी तापते, हे मेकॅनिकला सांगता आले पाहिजे. ते चालवणाऱ्यालाच माहीत असते. फक्त भरल्या गाडीने घाट चढताना तापत असेल तर ओझे जास्त किंवा थंड करण्याची सोय अपुरी. गर्दीत उभ्या गाडीत तापत असेल आणि सोबत इंजिनही तापत असेल तर पंखा, रेडिएटर, कुलंट. मोकळ्या सपाट रस्त्यावर, ७०-८० च्या स्थिर वेगाने तापत असेल तर ते लक्षण जास्त गंभीर: लॉकअप लागत नाही, किंवा आतल्या प्लेटा घसरत आहेत, किंवा तेल कूलरपर्यंत पोहोचतच नाही. एका वहीत तारीख, रस्ता, माणसे, एसी चालू की बंद, एवढे लिहून ठेवले तरी मेकॅनिकचे दोन दिवस वाचतात.

मग खरोखर तापते आहे का, हे पाहायचे. तापमान सांगणारा सेन्सरही बिघडू शकतो. त्याची सोपी परीक्षा अशी: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, स्कॅनर लावावा. त्या वेळी कुलंट, आत येणारी हवा आणि गिअरबॉक्सचे तेल, तिन्हींचे आकडे जवळपास सारखे हवेत. दोन २८ दाखवत आहेत आणि तिसरा ६०, तर तिसरा खोटे बोलतो आहे. स्कॅनरवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकांपैकी तीन ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पी ०२१८ म्हणजे तेल प्रमाणाबाहेर तापले, पी ०७११ म्हणजे तापमानाच्या सेन्सरची शंका, पी ०७४१ म्हणजे लॉकअप नीट लागत नाही. क्रमांकाचा कागद मागून घ्यावा. “कॉम्प्युटरने गिअरबॉक्स खराब दाखवला” असे कोणी म्हणाले तर कोणता क्रमांक, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. गिअरबॉक्स बदला असे सांगणारा क्रमांक नसतो.

त्यानंतर तेल. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सलाही डिपस्टिक असते. नव्या पुष्कळ गाड्यांत नसते. तिथे गाडी लिफ्टवर सपाट घेऊन, तेल ठरावीक तापमानाला आणून, बाजूच्या बोल्टमधून पातळी पाहतात. हे काम घरी करायचे नाही. कमी तेलाने गिअरबॉक्स तापतो हे सगळ्यांना पटते. जास्त तेलानेही तापतो हे पटत नाही. पातळी जास्त झाली की फिरणारे भाग तेलाला फेस आणतात, फेसात हवा असते, आणि हवेने ना दाब मिळतो ना थंडावा.

तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहावा. नवे तेल बहुधा लाल आणि पारदर्शक असते. काही कंपन्यांचे निळे किंवा हिरवेही असते, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नये. तपकिरी झाले म्हणजे वय झाले. काळे झाले आणि जळका वास आला म्हणजे प्लेटांचे अस्तर जळते आहे. दुधाळ गुलाबी, लस्सीसारखे दिसले तर तिथेच थांबावे: रेडिएटरमधला कूलर आतून फुटून कुलंट तेलात मिसळले आहे, किंवा पुराचे पाणी आत गेले आहे. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये. पाण्याने प्लेटांचे अस्तर सुटते, मग काहीच वाचत नाही.

कूलर काम करतो की नाही, हे पाहायला उष्णता दुरून मोजणारा थर्मामीटर पुरतो. कोविडच्या दिवसांत कपाळासमोर धरत तशाच दिसणारा, पण यंत्रांसाठीचा. कूलरमध्ये जाणारी नळी आणि परत येणारी नळी यांच्या तापमानात स्पष्ट फरक हवा. फरक नाही म्हणजे कूलर उष्णता घेत नाही. परतीची नळी जवळजवळ गार लागते म्हणजे तेल वाहतच नाही, वाट तुंबली आहे. आणि गाडी चालवून, स्कॅनरवर इंजिनचे फेरे आणि टर्बाइनचे फेरे शेजारी ठेवून पाहिले की लॉकअप लागतो का तेही कळते. लागला की दोन्ही आकडे जवळपास एक होतात.

हे सगळे झाल्यावर मग चेंबर खोलायचे. तळाशी लोहचुंबक असतात. त्यांवर राखाडी मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. चकचकीत तुकडे, काळा भुसा सापडला तर मात्र आत दुरुस्ती हवी, आणि तेव्हा खर्चाला नाही म्हणू नये. पण तेव्हाही कूलर नवा घ्या किंवा नळ्यांसकट पूर्ण धुऊन घ्या, असे बिलात लिहून घ्यावे. जुन्या गिअरबॉक्सची पूड कूलरमध्ये राहिली तर ती पहिल्याच दिवशी नव्यात जाते.

घाटात दिवा लागला तर

सुरक्षित जागा पाहून बाजूला घ्या. हँडब्रेक लावा, गिअर ‘पी’मध्ये ठेवा, एसी बंद करा आणि इंजिन चालू राहू द्या. लोक घाईने इंजिन बंद करतात. त्याने तेल फिरायचेच थांबते आणि आतली उष्णता आतच राहते. इंजिनचाच काटा लाल रेषेवर गेला असेल, किंवा धूर अथवा जळका वास येत असेल, तर मात्र इंजिन लगेच बंद करून सगळ्यांना खाली उतरवा. रेडिएटरचे झाकण उघडू नका. वीस मिनिटे थांबून दिवा गेला तर सामान आणि माणसे कमी करून, हळू, खालच्या गिअरमध्ये पुढे निघता येते.

दोरीने ओढून नेणे मात्र टाळा. गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरताहेत म्हणजे आतले भाग कोरडे फिरताहेत. गाडी ट्रकवर चढवावी, किंवा ज्या चाकांना गती मिळते ती तरी जमिनीवरून उचलावीत. घाटात शाबूत असलेला गिअरबॉक्स गॅरेजच्या दारात पोहोचेपर्यंत मेला, असे होते ते यामुळे.

चालवण्याच्या सवयीबद्दल थोडे. चढावर रांग थांबली की अनेक जण ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात. त्या वेळी सगळी शक्ती तेलात जाते. एएमटीत आणि दोन क्लचच्या गाडीत ती सरळ क्लचच्या प्लेटवर जाते. ब्रेक दाबा, किंवा हँडब्रेक लावा. रांग इंच-इंच सरकत असेल तर थोडी जागा होऊ द्या आणि मग एकदम निघा. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू द्या. चढावर गाडी सारखी गिअर वर-खाली करत असेल तर ‘एल’, ‘२’ किंवा मॅन्युअल पद्धतीने एकच खालचा गिअर धरून ठेवावा. उतारावर ‘एन’मध्ये गाडी सोडून डिझेल वाचवणाऱ्यांना इंजिनचा रोध मिळत नाही, ब्रेक तापतात, वाचलेले डिझेल किती रुपयांचे, हा हिशेब त्यांनी करावा.

ऐब लपवून विकणे

फुफूच्या गाडीची जी गोष्ट झाली तिचे मूळ विक्रीच्या दिवशी होते. जळालेल्या गिअरबॉक्समध्ये नवे तेल ओतून, दोन आठवडे गाडी नीट चालते तेवढ्यात विकणे, हा धंदा आपल्याकडे उघडपणे चालतो. करणारे पुष्कळदा नमाजी असतात आणि त्यात काही गैर वाटून घेत नाहीत. ‘घेणाऱ्याने बघून घ्यायचे’ असे म्हणतात. शरीअत तसे म्हणत नाही. मालातला ऐब सांगणे हे विकणाऱ्याचे काम आहे. शाफई असो वा हनफी, फिक्हच्या किताबांत ‘खियारुल-ऐब’ हा विषय स्वतंत्रपणे येतो: सौद्याच्या आधीपासून असलेला, लपलेला दोष नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. देशाचा कायदाही मदतीला आहे. विकणारा व्यापारी असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. म्हणून मेकॅनिकने गाळ काढला तर तो काढण्याआधीच फोटो घ्यावा. फुफूच्या मुलाने घेतले नव्हते, आणि विक्रेत्याने हात झटकले.

जुनी ऑटोमॅटिक घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुराची माती तिथे सापडते. कार्पेटखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात, हेडलाइटच्या आत पाहावे. गाडी पूर्ण गार असताना बघायला जावे आणि कमीत कमी चाळीस मिनिटे चालवावी, मध्ये एखादा चढ यावा असा रस्ता धरून. ‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर गाडी गिअर घ्यायला क्षणभराहून जास्त वेळ लावते का, तापल्यावर धक्का देते का, हे त्यातच कळते. कन्डेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत वरून टॉर्च मारावा. एवढे केले असते तर फुफूच्या गाडीतला गाळ दिसला असता.

तेलाबद्दल शेवटचा मुद्दा. काही कंपन्या गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभराचे’ असे सांगतात. त्याच पुस्तिकेत मागच्या पानांवर कठीण वापराची वेगळी मुदत पुष्कळदा छापलेली असते, आणि घाट, ओझे, उकाडा, गर्दी हा कठीण वापरच आहे. खुद्द गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा आठ वर्षांनी, बदलावे असे सांगते. कोकणात राहून वरचेवर घाट चढणाऱ्याने मी म्हणेन साठ हजारांच्या आसपास. एकदा चेंबरमधून तेल काढले तर तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच निघते, बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा एकदा बदलावे लागते. आणि डब्यावरचा प्रकार पुस्तिकेतल्या प्रकाराशी अक्षरशः जुळायला हवा. सीव्हीटीचे तेल टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत चालत नाही, उलटही नाही, दुकानदार ‘सगळ्यांना चालते’ म्हणाला तरी. डबा आपल्यासमोर उघडायला सांगावा, आणि रिकामा डबा घरी घेऊन यावा.